वर्षातून एकदा पुलावर: पुण्यातल्या चळवळींच्या कार्यक्रमांना जायचे ते कशासाठी?

मुठाकाठ

मी मूळचा लातूरचा. नोकरीनिमित्त सहा वर्षांपूर्वी पुण्यात आलो आणि ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून रोज ये-जा करत असूनही या वर्षीपर्यंत २० ऑगस्टच्या सकाळी तिथे कधी थांबलो नव्हतो. २०१३ साली याच तारखेला, सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच पुलावर गोळ्या घालून खून झाला, एवढे मला अर्थातच ठाऊक होते. या वेळी गाडी कडेला लावली आणि उभा राहिलो.

जे पाहिले ते जसेच्या तसे सांगतो. कठड्याला सुतळीने बांधलेला फलक वाऱ्याने दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा त्याच एका बाईंनी तो पुन्हा बांधला. पावसाची भुरभुर चालू होती. डफावर दोन गाणी झाली, 'फुले, शाहू, आंबेडकर, आम्ही सारे दाभोलकर' ही घोषणा झाली, तीन जण थोडक्यात बोलले. एक वही हातोहात फिरत होती, तिच्यात मीही नाव लिहिले. साध्या वेशातला एक पोलीस कर्मचारी सगळे मोबाइलवर टिपत होता. शेवटी त्याने संयोजकांकडून वक्त्यांची नावे आणि उपस्थितांचा अंदाजे आकडा अगदी अदबीने विचारून घेतला. पाऊण तासात पूल पुन्हा रोजच्यासारखा झाला.

मला तिथे बरे वाटले, हे खरे. परंतु परतताना काही प्रश्न पडले, ते इथल्या जाणत्यांपुढे ठेवतो. जमलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते आणि जवळजवळ सगळे एकमेकांना नावाने ओळखत होते. घोषणा त्याच, गाणी तीच. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने अशा कार्यक्रमांना जाऊन नेमके काय साधते? आणि जायचेच असेल, तर या शहरात वर्षभरात आणखी काय काय होत असते?

नारायणपेठी

धागा काढलात हे बरे केलेत. मी गेली वीस-बावीस वर्षे या ना त्या निमित्ताने अशा कार्यक्रमांत सतरंज्या उचलण्यापासून आभार मानण्यापर्यंतची सगळी कामे केली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते सोपे आहे. पुण्याचे हे पंचांग ठरलेले आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी बुधवार पेठेत भिडे वाड्यापाशी लोक जमत आले आहेत, कारण १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा तिथे सुरू केली. तो वाडा आता उभा नाही. भाडेकरूंशी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयात संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी तो एका रात्रीत पाडला. ज्या मोडक्या जिन्याकडे बोट दाखवून आम्ही मुलांना शाळेची गोष्ट सांगत असू, तो जिना नाहीसा झाल्याचे मला अजून चमत्कारिक वाटते. पण तो विषय वेगळा. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला आणि स्मृतिदिनी, गंज पेठेतल्या फुले वाड्यात जावे. १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केलेला आपल्या घरचा हौद हा माझ्या मते या शहरातल्या सामाजिक न्यायाच्या कार्यक्रमांचा खरा आरंभ होय. त्याला ना फलक लागला, ना ध्वनिक्षेपक.

१४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन यांबद्दल सांगायला नको. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत चौकात दूध वाटणारे कार्यकर्ते तुम्ही पाहिले असतील. बकरी ईदच्या सुमारास मुस्लिम सत्यशोधक मंडळ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती मिळून रक्तदानाचा कार्यक्रम करतात; त्याला जरूर जा. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यातच स्थापन केलेले हे मंडळ आजही मोजक्या माणसांच्या बळावर चालते आणि त्या मोजक्या माणसांना दोन्ही बाजूंचे टोमणे खावे लागतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. २० ऑगस्टचा कार्यक्रम वर्षातून एकदाचा आहे असे तुम्हाला वाटते, कारण तुम्ही तो आता पाहिलात. खुनानंतरची कित्येक वर्षे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर, त्याच वेळी उभे राहत. पावसात, थंडीत, परीक्षांच्या दिवसांत, निवडणुकीच्या धामधुमीत. कधी साठ माणसे असत, तर कधी नऊ. तपास स्थानिक पोलिसांकडून २०१४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आरोपनिश्चिती व्हायला २०२१ उजाडले आणि निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले आणि या कटामागचे सूत्रधार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. पुलावर उभे राहिल्यामुळे खटला पुढे सरकला असा दावा मी करणार नाही. ते काम दाभोलकर कुटुंबीयांच्या आणि २०१५ मध्ये असाच खून झालेल्या गोविंद पानसरे यांच्या कुटुंबीयांच्या उच्च न्यायालयातल्या याचिकांनी केले. पण महिन्यामागून महिने वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येत राहिली आणि खुनाचा तपास लागलेला नाही ही गोष्ट पुण्याच्या अंगवळणी पडली नाही, एवढे श्रेय त्या नऊ माणसांना द्यायलाच हवे. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी कोणीतरी असतेच, हा भरवसा तयार व्हायला फार वेळ लागतो आणि दोन वेळा खाडा झाला की तो मोडतो.

जाता जाता एक गोष्ट. सगळे ज्याला ओंकारेश्वराचा पूल म्हणतात, त्याचे खरे नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. अस्पृश्यतानिवारणासाठी १९०६ साली निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढणारे हेच ते शिंदे. रोज त्या पुलावरून जाणाऱ्यांपैकी शंभरात पाच जणांनाही हे नाव ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

शुक्रवारकर

नारायणपेठी यांच्याविषयी आदर राखून लिहितो की या सगळ्याचा परिणाम शून्य आहे. आधीपासून पटलेली माणसे पटलेल्याच माणसांना तेच पुन्हा सांगतात आणि समाधानाने घरी जातात. सकाळी साडेसातला त्या पुलावरून मुलांच्या शाळेच्या रिक्षा जातात, त्यांचा मात्र खोळंबा होतो. ज्यांच्यापर्यंत विचार पोहोचायला हवा ते त्या वेळी कुठे असतात, याचा हिशोब कोणी मांडला आहे काय?

आठवणीतलीवही

शुक्रवारकर यांचा प्रश्न मला रास्त वाटतो, परंतु निष्कर्ष पटत नाही. मी कचरावेचक महिलांच्या वस्तीत अर्ज भरून देण्याचे, बँकेची पुस्तके लावून देण्याचे काम अनेक वर्षे करते, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर निराळ्या प्रकारचे कार्यक्रम येतात.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. बाबा आढावांनी हमालांची संघटना बांधली होतीच. ज्यांना कोणी कामगार समजतच नव्हते अशा माणसांची संघटना होऊ शकते, हा विश्वास तिथून आला. या बायकांची पहिली मोठी मागणी पगाराची नव्हती. त्यांना ओळखपत्र हवे होते. पहाटे कचराकुंडीपाशी वाकलेल्या बाईला चोर समजून हटकले, तर तिने दाखवायचे काय? महापालिकेने ती ओळखपत्रे मान्य केली आणि पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. या पंधरा वर्षांत किती मोर्चे निघाले याची मोजदाद माझ्याकडे नाही; पण एकही मोर्चा मागणीच्या कागदाशिवाय निघालेला मला आठवत नाही. कागदावर अधिकाऱ्याची पोच घेतल्याशिवाय बायका उठत नसत.

या मोर्च्यांची वेळ कशी ठरे ते सांगते, कारण त्यातच मला सगळे शहाणपण दिसते. सकाळची फेरी, मग ओला-सुका वेगळा करणे, मग भंगाराच्या दुकानात माल घालणे, हे सगळे दुपारी दोनच्या आत आटपत नाही. सकाळी अकराचा मोर्चा ठेवला तर बाईची दिवसाची कमाई बुडते. म्हणून तीनची वेळ. ऊन असले तरी तीनच. आमच्यातल्या शिकल्यासवरल्या एकाने, वार्ताहरांना सोयीचे पडावे म्हणून, एकदा अकराची वेळ जाहीर करून टाकली. त्या दिवशी वार्ताहर आले आणि बायका आल्या नाहीत. वस्तीतल्या मावशींनी नंतर त्याला जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शुक्रवारकर, पटलेल्यांपलीकडे कसे पोहोचायचे याचे एक उदाहरण देते. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडे टाकले जातात आणि ते हाताने वेगळे करावे लागतात, याबद्दल भाषणे देऊन काही झाले नाही. मग 'लाल ठिपका' ही मोहीम निघाली: नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्या पुडक्यावर लाल खूण करा, म्हणजे हात लावण्यापूर्वी आत काय आहे ते कळेल. सोसायट्यांच्या जिन्यांत उभे राहून हे सांगणाऱ्या बाईला पहिल्या मजल्यावर 'आत्ता वेळ नाही' ऐकावे लागले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तिला आत बोलावून पाणी दिले, मग सुनेला हाक मारून तिच्याकडून लाल स्केचपेन मागवून घेतले. हाही माझ्या हिशोबी सामाजिक न्यायाचा कार्यक्रमच होता, आणि त्यामुळे रिक्षांचा खोळंबा झाला नाही.

खाडीपल्याड

मी भिवंडीचा आहे, आता बाणेरला राहतो. विषय पुण्याचा असला तरी शांततेच्या कामाचा उल्लेख वर ओझरताच आला आहे, म्हणून लिहितो.

भिवंडीत १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधायला घेतल्या. 'शांतता समिती' पूर्वीही होतीच; सणाच्या आधी पुढाऱ्यांना ठाण्यात बोलवायचे, चहा द्यायचा, आश्वासने घ्यायची. खोपडे यांनी पुढारी बाजूला ठेवले. मोहल्ल्यातले साधे रहिवासी घेतले, हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने, आणि त्यांच्याशी बोलायची जबाबदारी मोठ्या साहेबावर न टाकता त्या भागातल्या पोलीस शिपायावर टाकली. बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते आणि आमच्या गल्लीच्या समितीत होते. बैठकीत एकात्मतेवर कोणी बोललेले मी ऐकले नाही. तुंबलेले गटार, नळावरची भांडणे, कोणाच्या तरी मुलाने कोणाच्या तरी मुलीला लिहिलेली चिठ्ठी, रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट, हेच विषय असत. लहानपणी मला ते फार कंटाळवाणे वाटे. त्या डिसेंबरात एका रात्री पलीकडच्या गल्लीत काहीतरी झाल्याची आवई उठली, तेव्हा वडील आणि आमच्या भागाचे शिपाई दोघे चालत तिकडे गेले, काहीही झालेले नाही असे पाहून आले आणि ओट्यावर बसून सगळ्यांना तसे सांगितले. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण गटाराच्या बैठकीला तीच दोन माणसे चार वर्षे येत होती.

मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. पुण्यात सणासुदीच्या आधी ठाण्यात बैठक होते, ती मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा ती जुन्या शांतता समितीसारखीच वाटली: पुढच्या रांगेत पदाधिकारी, मागे आम्ही, आणि शेवटी सामूहिक छायाचित्र.

कलम_एकोणीस

मी वकिली करतो. नवीन मंडळी कार्यक्रमाला यायला बिचकतात ती पुष्कळदा कायद्याच्या धास्तीने, म्हणून थोडक्यात नोंदवतो.

शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) ने दिलेला आहे. रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येते, परंतु सार्वजनिक रस्त्यांवरच्या सभांवर सरसकट बंदी घालण्याचा मनमानी अधिकार पोलिसांना देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात स्पष्ट केले आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या जमावबंदी आदेशांची. हे आदेश पंधरा-पंधरा दिवसांसाठी निघतात आणि एक संपला की दुसरा निघतो. पुण्यात वर्षाचे बरेच दिवस ते लागूच असतात. म्हणून स्थानिक ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्यावा, त्यावर वेळ, ठिकाण, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो एरवी लावता येत नाही. मोबाइलवर टिपणारा कर्मचारी गोपनीय शाखेचा असतो आणि तो आपले नेमून दिलेले काम करत असतो. जमावबंदीचा आदेश लागू नसेल, तर निव्वळ शांततेने उपस्थित राहिल्याने सहसा कोणावर गुन्हा दाखल होत नाही. जमाव पांगवण्याचा आदेश झाल्यावरही थांबले, तर मात्र होऊ शकतो.

आठवणीतलीवही ताई, तुम्ही पोच घेण्याविषयी लिहिलेत ते वाचून समाधान वाटले. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात संघटनांकडे पोच नसते.

नारायणपेठी

शुक्रवारकर, तुमचा हिशोब मी टाळत नाही. मागे एका २ ऑक्टोबरला आम्ही शांतताफेरी काढली. महिनाभर तयारी केली, पाचशे पत्रके छापली, आणि आलो अकरा जण. त्यांपैकी दोघे पत्रक वाचून नव्हे, तर पोहे मिळतील या आशेने आले होते. आम्ही त्यांना पोहे दिलेही. घरी गेल्यावर मला दोन दिवस कोणाशी बोलावेसे वाटले नाही. नंतर लक्षात आले की त्या पाचशेपैकी चारशे पत्रके आम्ही नारायण, सदाशिव आणि शनिवार पेठांतच वाटली होती. येरवडा, हडपसर, कोंढवा यांपैकी कुठेही आम्ही गेलो नव्हतो. तो दोष पेठकरांचा, कार्यक्रम या प्रकाराचा नव्हे. मुठाकाठ यांना पुलावर सगळे एकमेकांचे ओळखीचे दिसले, त्याचे मूळही तिथेच आहे.

परंतु 'परिणाम शून्य' या शब्दांना माझी हरकत आहे, कारण परिणाम किती काळाने मोजायचा ते तुम्ही सांगितलेले नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून याच शहरात सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते, तरुण एस. एम. जोशी त्यात होते. पायऱ्यांवर त्यांच्यावर दगड पडले. देऊळ उघडले नाही. सत्याग्रह काही महिन्यांत थांबवावा लागला आणि मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात आला तो १९४७ साली. १९३० च्या जानेवारीत कोणी शुक्रवारकरांचा प्रश्न विचारला असता, तर त्याला उत्तर देणे फार अवघड गेले असते.

दाभोलकरांच्या खुनानंतर चार दिवसांनी, वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला, हे मात्र मी यश म्हणून कधी सांगत नाही. ते आठवले की अजून राग येतो.

शुक्रवारकर

पर्वतीचे उदाहरण मान्य. पेठांबाहेर न गेल्याची कबुली त्याहून अधिक मान्य. बाकी मतभेद कायम.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. मी विचारले होते जायचे की नाही, आणि उत्तर आले की कुठे जायचे ते आधी ठरव. खाडीपल्याड यांच्या गटाराच्या बैठकीवरून सुचले म्हणून काल आमच्या सोसायटीच्या सचिवांना विचारले, की शेजारच्या वस्तीतली माणसे आणि आपण पाण्याच्या टँकरवरून दर उन्हाळ्यात भांडतो, तर त्याविषयी डिसेंबरातच एकत्र बसायचे का? त्यांनी 'बघू' म्हटले आहे. पुण्यात 'बघू' म्हणजे काय, ते सहा वर्षांत मला कळले आहे, तरीही दर महिन्याला विचारणार आहे.

तोपर्यंत एक नेमके काम हवे आहे. विसर्जनाच्या दिवशी घाटांवर निर्माल्य आणि मूर्ती गोळा करायला माणसे लागतात असे ऐकले. माझ्याबरोबर कार्यालयातले चौघे येतील. कुठे आणि किती वाजता यायचे?

आठवणीतलीवही

एस. एम. जोशी पुलाजवळच्या घाटावर या. दुपारी चारपासून रात्री गर्दी ओसरेपर्यंत थांबावे लागते. रबरी हातमोजे आम्ही देतो, पण ते आमच्या हातांच्या मापाचे असतात, पुरुषांना बसत नाहीत. तेवढे तुमचे आणा. मूर्ती मागताना 'दान द्या' म्हणायचे, 'पाण्यात टाकू नका' म्हणायचे नाही. आरती पूर्ण होईपर्यंत हात पुढे करायचा नाही. निर्माल्यातून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल तिथल्या तिथे काढून टाकायचे, कारण ओले झाले की ते सुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच बायकांना ते निवडत बसावे लागते.